सोशल स्किल्सचा १६ आठवड्यांचा ऑनलाइन ग्रुप कोर्स: पाचपैकी साडेतीन, त्यातला एक स्टार वेटिंग रूमला

आधी माझ्याबद्दल सांगते म्हणजे हा रिव्ह्यू कुठल्या खुर्चीत बसून लिहिलाय ते कळेल. वय ३६, ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही, आणि दोन्हीचं निदान तिशी उलटल्यावर. त्याआधीची सगळी वर्षं "शिष्ट आहे", "कुणात मिसळत नाही" आणि "काहीही तोंडावर बोलते" या तीन वाक्यांत निघून गेली. (निदानाला उशीर का होतो विचारणाऱ्यांसाठी: ऑटिझम असेल तर एडीएचडीचं निदान द्यायचंच नाही असा नियम डीएसएममध्ये, म्हणजे मानसिक निदानांच्या अमेरिकन मॅन्युअलमध्ये, २०१३ पर्यंत होता. म्हणजे माझ्यासारखी माणसं कागदावर अस्तित्वातच नव्हती.)

कोर्सचं नाव लिहीत नाहीये. ट्रेनर मनापासून शिकवायची, आणि माझ्या तक्रारी या जातीच्या बऱ्याच कोर्सेसना लागू पडतील.

आठवड्यातून एकदा दीड तास, बॅचमध्ये आठ जण, एक ट्रेनर, एक असिस्टंट. दर आठवड्याला एक विषय, थोडं शिकवणं, मग रोल-प्ले, मग होमवर्क. ज्यांनी पीअर्स ऐकलंय त्यांना हा साचा ओळखीचा वाटेल, यूसीएलएमध्ये एलिझाबेथ लॉगसन आणि फ्रेड फ्रँकेल यांनी टीनएजर्ससाठी बनवलेला प्रोग्रॅम, या क्षेत्रात ज्यावर भरपूर संशोधन झालंय असा. त्याची मला आवडलेली गोष्ट म्हणजे मोठी माणसं मुलांना जे सल्ले देतात ते तो शिकवत नाही, ज्या मुलांचं चारचौघांत नीट जमतं ती मुलं प्रत्यक्षात काय करतात ते शिकवतो. उदाहरणार्थ चालू गप्पांमध्ये शिरायचं असेल तर जाऊन "हाय, मी पण येऊ का" म्हणायचं नाही. आधी थोडं लांबून ऐकायचं, विषय काय चाललाय ते पकडायचं, पॉज आला की त्याच विषयावरचं एखादं वाक्य टाकायचं, आणि समोरच्यांनी जागा केली नाही तर मनाला लावून न घेता निघून यायचं. आमच्या कोर्सनेही हे असंच शिकवलं.

ऐकायला सोपं आहे ना? आता तो पॉज बघा. २००९ मध्ये दहा भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास झाला होता, त्यात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यामधलं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. पापणी लवते न लवते तोच संपलं. मी रोल-प्लेमध्ये तो पॉज शोधत अक्षरशः चार मिनिटं तोंड अर्धं उघडं ठेवून बसले होते, प्रत्येक वेळी माझं वाक्य तयार होईपर्यंत गाडी पुढच्या स्टेशनला, आणि शेवटी विषय संपल्यावर मी असं काही बोलले की सगळे गप्प. तेव्हा ट्रेनरने जे सांगितलं त्यासाठी मी तिला अजूनही मनातल्या मनात थँक्यू म्हणते. म्हणाली पॉज सुटला तर सुटू दे, "मघाशी तू म्हणालीस ना" हे चार शब्द वापर. बस. उशिरा आलेल्या माणसाचं तिकीट आहे ते! दहा मिनिटांपूर्वीच्या विषयावर परत जाता येतं, कुणालाही ते विचित्र वाटत नाही, उलट समोरच्याला वाटतं हिने आपलं लक्ष देऊन ऐकलं. जे की खरंच ऐकलेलं असतं, फक्त उत्तर यायला वेळ लागतो. ३६ वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एक स्टार या चार शब्दांना.

बोलणं संपवायचं कसं यावरचं सेशनही कामाचं होतं, मी आधी सरळ गायब व्हायचे. टेक्स्ट मेसेजचं सेशन ठीकठाक. विनोद कसा करावा यावर एक सेशन होतं त्याबद्दल न बोललेलं बरं.

आता पाचवं सेशन. आय कॉन्टॅक्ट.

सांगितलं काय, तर समोरच्याच्या दोन भुवयांच्या मधोमध बघा, तीन सेकंद बघा, एक सेकंद नजर काढा, परत तीन सेकंद. ब्रेकआउट रूममध्ये माझ्यासमोरची बाई तिच्या आजारी मांजराबद्दल सांगत होती आणि मी एक दोन तीन, काढ, एक दोन तीन, काढ. पाच मिनिटांनी ट्रेनर आली, म्हणाली खूप छान प्रोग्रेस. मग तिने विचारलं की पार्टनरने काय सांगितलं ते ग्रुपला सांग. मला "मांजर" एवढा एक शब्द आठवत होता. मांजर बरं झालं की गेलं तेही माहीत नाही, आणि विचारायची सोय नाही कारण दिसायला मी सगळं ऐकलेलं होतं ना. खाली टेबलाकडे बघत ऐकलं असतं तर औषधाचं नावसुद्धा सांगितलं असतं मी.

त्यावर ट्रेनरने एक मुद्दा मांडला तो चूक नाहीये. २०१७ च्या एका अभ्यासात लोकांना ऑटिस्टिक माणसांच्या अगदी छोट्या क्लिप्स दाखवल्या, काही सेकंदांतच त्यांच्याबद्दलचं मत कमी चांगलं झालं, आणि यांच्याशी बोलायला आवडेल का म्हटल्यावर उत्साह कमी. पण हाच अभ्यास पुढे वाचला तर जेव्हा फक्त बोललेले शब्द लिहून दाखवले तेव्हा तो फरक राहिलाच नाही! म्हणजे बोलण्यात खोट नव्हती, बघणाऱ्याच्या पहिल्या छापेत होती. मग १६ आठवडे होमवर्क फक्त मलाच का? डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये याला डबल एम्पथी प्रॉब्लेम म्हटलं, दोन वेगळ्या घडणीच्या माणसांना एकमेकांचं कळत नाही आणि ते दोन्हीकडून कळत नाही, एका बाजूची कमतरता म्हणून त्याकडे बघणं चूक. कोर्समध्ये यावर एक स्लाइड होती. चाळीस सेकंद.

आणि ते आमच्या बॅचमध्येच दिसत होतं. आम्ही आठ जण असलो की गोंधळ नाही, कुणी म्हणालं "मला कळलं नाही, परत सांग" तर परत सांगायचं, विषय संपला तर गप्प, गप्प बसल्याचं टेन्शन नाही. अकराव्या आठवड्यात प्रॅक्टिससाठी एक न्यूरोटिपिकल (म्हणजे ऑटिझम, एडीएचडी वगैरे नसलेला) व्हॉलंटिअर आला, बिचारा चांगला माणूस, हसून म्हणाला "मग, काय चाललंय?" आणि आठही जण विचारात पडले की नक्की कशाबद्दल विचारतोय. शेवटी एकाने प्रामाणिकपणे त्याच्या मायग्रेनचा सगळा इतिहास सांगितला. व्हॉलंटिअर "ओके, ओके, भारी" म्हणाला. आम्हाला वाटलं छान झालं. फीडबॅक शीटवर वेगळंच आलं. २०२० मध्ये एडिनबराच्या संशोधकांनी कानगोष्टीचा खेळ लावून हेच बघितलं होतं, सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तेवढीच नीट पोचली जेवढी सगळे नॉन-ऑटिस्टिक असलेल्या साखळीत, गळती जास्त झाली ती मिश्र साखळीत. आमच्या मायग्रेनवाल्यावर मात्र "संभाषण एकतर्फी" असा शेरा.

आता वेटिंग रूम.

असिस्टंट आवाज चेक करायला लिंक वीस मिनिटं आधी चालू करायची. मला वेळेचा अंदाज नावाची गोष्ट नाही म्हणून मी पाच अलार्म लावून अति लवकर पोचते, आणि बॅचमध्ये अजून एक जण तसाच. कॅमेरे बंद. पहिले दोन आठवडे दोघं गप्प. तिसऱ्या आठवड्यात त्याचा आवाज आला, "आज बोलायचं नाहीये, पण बसू का?" मी म्हटलं बस. मी दोरीच्या गाठी मारत बसले (मला गाठींचं वेड आहे, लहानपणापासून), तो लिफ्टच्या दारांचे रेकॉर्डिंग ऐकत बसला, दार बंद होतानाचा तो शेवटचा ठक, त्याच्याकडे शेकड्यांनी आहेत. पाचव्या आठवड्यात त्याने विचारलं कुठली गाठ. मी म्हटलं बोलिन. फास पडतो पण ओढ आली तरी आवळत नाही आणि काम झालं की सहज सुटते. तो म्हणाला, "नावच बोलीन? मग तू कधी बोलशील?"

मी इतकी हसले की अनम्यूट होते हेही विसरले.

जेफ्री हॉल म्हणून कॅन्सस युनिव्हर्सिटीतले प्राध्यापक आहेत, त्यांच्या २०१८ च्या अभ्यासातला अंदाज असा की ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला साधारण ५० तास एकत्र जावे लागतात, मित्र म्हणावा असा व्हायला ९०, आणि जवळचा व्हायला २०० च्या वर. हिशोब करा. १६ आठवडे गुणिले दीड म्हणजे २४ तास, तेही रोल-प्ले करत. नुसत्या कोर्समध्ये मैत्री होणं गणितातच बसत नाही, स्किल कितीही शिका. जे झालं ते त्या वीस मिनिटांमुळे, आणि नंतर आम्ही दर मंगळवारी एक तास तसंच बसायला लागलो, गेले १४ महिने. सगळं धरून ९० च्या काठावर आलोय, मी मोजतेय, त्यालाही माहितेय मी मोजतेय.

टीनएजर्सच्या पालकांसाठी थोडं. माझा भाचा १५ चा, त्याने याच लोकांची टीन बॅच केली. त्यात आईबाबांचं वेगळं सेशन त्याच वेळी चालतं आणि घरी कोच त्यांनीच व्हायचं असतं, हे मला फार पटलं. त्याला चिडवणाऱ्यांना द्यायची छोटी, कंटाळलेल्या आवाजातली उत्तरं शिकवली, "बरं मग?" टाइप, आणि ती त्याला खरंच उपयोगी पडली. मला म्हणाला, "मावशी, 'दुर्लक्ष कर' सांगणाऱ्या मोठ्यांना कधी कुणी चिडवलंच नाही का गं?" पण नियम शिकवले की आमची माणसं नियम पाळतात, हे कोर्सवाल्यांनी लक्षात घ्यायला हवं. घरी मित्राला बोलवायचं होमवर्क होतं, नियम असा की काय खेळायचं ते पाहुण्याने ठरवायचं. मित्र म्हणाला तू सांग. हा म्हणाला नाही तूच सांग. पंधरा मिनिटं! शेवटी ताईने आतून ओरडून सांगितलं तेव्हा गेम लागला.

तक्रारी अजून आहेत. पहिले तीन आठवडे कॅमेरा कम्पल्सरी, का ते कुणालाच सांगता आलं नाही. होमवर्क केलं नाही तर सगळ्यांना दिसणाऱ्या शीटवर तुमच्या नावापुढे लाल रंग, ज्याने एडीएचडीवाल्याचं होमवर्क होत नाही, तो फक्त पुढच्या सेशनला यायचा बंद होतो (दोघं तसेच गळले). आणि सगळ्यात राग आलेली गोष्ट, मैत्री शिकवणाऱ्या कोर्सने शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट पाठवलं आणि तासाभरात चॅट ग्रुप बंद केला. प्रायव्हसी पॉलिसी म्हणे. अरे मग आधी सांगा ना, नंबर घेतले असते.

तर घ्यावा का? बोलणं सुरू करणं आणि संपवणं इथे अडत असेल तर घ्या. तुम्ही आधीच सगळीकडे मुखवटा घालून दमला असाल तर सिलॅबस मागवून घ्या, आय कॉन्टॅक्ट आणि बॉडी लँग्वेजवर किती सेशन्स आहेत ते मोजा, कॅमेरा बंद चालेल का आणि कोर्स संपल्यावर ग्रुप चालू राहतो का हे मेलवर लेखी विचारा. आणि वीस मिनिटं आधी जा.

माझे साडेतीन. लिफ्टवाल्याला वाचून दाखवलं, तो म्हणतो तीनच दे, अर्धा स्टार मांजरासाठी कापून घे. त्या बाईचा नंबर माझ्याकडे नाही.