टोमॅटो: घरी बी टाकावं की नर्सरीतून रोप आणावं? सोलापूरच्या हवेत काय परवडतं

गच्चीवर किंवा परसात टोमॅटो लावायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच येतो. पुण्या-नाशिककडची उत्तरं आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. इथलं ऊन वेगळं, पाऊस उशिराचा, नळाला पाणी काही दिवसांआड. म्हणून माझं मत आधीच सांगते: मृगात लावायचं असेल तर रोप विकत आणा, गणपतीत सुरुवात करणार असाल तर बी घरीच टाका.

मृगाचं आधी. जूनमध्ये रोप मातीत जायचं तर बी मे महिन्यात पडायला हवं. टोमॅटोचं बी 20 ते 30 अंशांत साधारण आठवड्याभरात उगवतं. पारा पस्तिशीच्या वर गेला की उगवण घटते. आपला मे चाळिशी ओलांडतो, आणि स्लॅबवर ठेवलेला ट्रे हवेपेक्षाही जास्त तापतो. त्यात उन्हाळ्यात पांढरी माशी फार. पानं मुरडणारा विषाणू तीच पसरवते. कोवळ्या रोपाला एकदा लागण झाली की झाड खुजं राहतं, फळ जेमतेम धरतं आणि त्यावर औषध नाही. चांगल्या रोपवाटिकेत शेडनेट आणि कीड अडवणारी बारीक जाळी असते. गच्चीवर तेवढी सोय करण्यापेक्षा तिथली रोपं आणणं शहाणपणाचं.

गणपतीनंतरचं गणित उलटं आहे. सोलापुरात सप्टेंबर हा भरवशाच्या पावसाचा महिना, ऊन उतरलेलं. गणपती बसल्यावर बी टाकलं तर 25 ते 30 दिवसांत, म्हणजे नवरात्राच्या सुमारास, रोप लावणीला येतं. लावणीनंतर सव्वादोन ते अडीच महिन्यांत फळ लाल होऊ लागतं, आणि संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा झाड भरात असतं. फुलांची फळं व्हायला थंड रात्री लागतात, त्या नोव्हेंबर ते जानेवारीत मिळतात. जानेवारी उलटल्यावर बी टाकण्याच्या फंदात पडू नका. त्याची फुलं एप्रिलच्या उन्हात सापडतात आणि गळतात.

तारीख आपल्या हातात राहते, हा घरच्या बियाचा मोठा फायदा. दुसरा, माझ्या मते त्याहून मोठा, म्हणजे वाण आपल्या आवडीचा निवडता येतो. रोपवाटिका प्रामुख्याने शेतकऱ्यांसाठी चालतात. त्यामुळे तिथे जाड सालीचे, वाहतुकीत टिकणारे संकरित वाण जास्त. घरच्या झाडाला कुठल्या ट्रकमध्ये चढायचं नाही. सारासाठी आंबट, पातळ सालीचा टोमॅटो हवा असेल तर ‘पुसा रुबी’ लावून बघा; तो लवकरही येतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘धनश्री’ आणि ‘भाग्यश्री’ हे सुधारित वाण आपल्या भागाला जवळचे. टोमॅटो स्वतःच्याच परागावर फळतो, त्यामुळे अशा सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचं बी पुढच्या वर्षासाठी धरता येतं: पूर्ण पिकलेल्या फळाचा गर दोन दिवस आंबवायचा, धुवायचा, बी सावलीत वाळवायचं. कोरड्या, थंड जागी ते तीन-चार वर्षं चालतं.

संकरित बियाचं तसं नाही. मंगळवार बाजारातून आणलेला टोमॅटो कुंडीत पिळला तर रोपं भरपूर येतात, पण ती एकसारखी नसतात आणि मूळ फळासारखं फळ मिळेल याची खात्री नसते. रोगाची धास्ती असेल तर मात्र संकरितच घ्या. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ पर्णगुच्छ (पानं मुरडणारा) विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देतो.

आता बी कशात टाकायचं? शेतकरी 98 कप्प्यांचा प्रोट्रे, म्हणजे रोपांसाठीचा प्लास्टिकचा ट्रे, वापरतो. घरी मला कागदी कप बरे वाटतात. प्रोट्रेचा कप्पा इवलासा. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारपर्यंत सुकतो आणि संध्याकाळी पुन्हा पाणी मागतो. कपात ओल टिकते. तळाला भोकं पाडा, निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मं चाळलेलं गांडूळखत भरा, बी अर्धा सेंटिमीटर खोल टाका. आपली नुसती काळी माती नको; ती वाळली की घट्ट होते, ओली झाली की चिकट, आणि कोंब अडकतो. परसात जागा असेल तर गादी वाफाही चालतो, पण रोप उपटताना मुळं तुटतात.

पाणी बोअरचं खारं असेल तर रोपांसाठी नळाचं साठवून ठेवा. सकाळीच द्या. रात्रभर चिंब राहिलेल्या रोपांचा बुडखा सडतो आणि ती कोलमडतात. कप भरताना ट्रायकोडर्मा (रोगाला अडवणारी उपयोगी बुरशी) मिसळला तर हा धोका कमी होतो. कोंब दिसला त्याच दिवशी कप उजेडात न्या. खिडकीत ठेवलेलं रोप उजेडासाठी ताणतं, लांबुडकं होतं. तसं झालंच तर लावताना देठ खोल पुरा. टोमॅटोच्या देठाला मातीत मुळं फुटतात.

गणपतीतही रोप विकतच आणावं अशी माणसं आहेत. ज्यांच्याकडे दोनच कुंड्या आहेत, त्यांनी बियांचं पाकीट उघडूच नये. एका ग्रॅममध्ये सुमारे तीनशे बिया असतात. ज्यांचं घर मधूनमधून बंद असतं, त्यांनीही नको. महिनाभर रोजची नजर लागते.

नर्सरीत गेलात तर उंच रोपाकडे हात जाऊ देऊ नका. वीतभर उंचीचं, चार-पाच पानांचं, जाड देठाचं बघा. पिशवीतच फूल आलेलं रोप वय झालेलं असतं. त्याची मुळं आत गोल फिरलेली असतात आणि लावल्यावर ते बरेच दिवस अडून बसतं. पान उलटं करून बघा, रोप हलवून बघा. पांढऱ्या माश्या उडाल्या तर त्या रांगेतलं एकही रोप घेऊ नका.