पोटाचे डायलिसिस की हिमोडायलिसिस : साखरेच्या बाजूने तुलना

इंदूरच्या मराठी घरांत मूत्रपिंडे निकामी झाल्यावर डायलिसिसचा कोणता प्रकार निवडावा याची चर्चा सुरू झाली, की ‘पोटात साखरेचे पाणी भरल्याने मधुमेह होईल का’ ही शंका निघते, आणि ती निराधार नाही. पोटाच्या डायलिसिसमध्ये पोटाच्या पोकळीत द्रावण भरून रक्त शुद्ध केले जाते; त्याच्या नेहमीच्या द्रावणात ग्लुकोज असते, कारण तेच शरीरातील जादा पाणी ओढून घेते. २ लिटरच्या १.५ टक्क्यांच्या पिशवीत ते सुमारे ३० ग्रॅम, तर ४.२५ टक्क्यांच्या पिशवीत ८५ ग्रॅम असते. त्यातील बराच भाग रक्तात शोषला जात असल्याने वजन, रक्तशर्करा आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातील एक प्रकारची चरबी) वाढू शकतात. मीठ आणि पाणी जपून घेतल्यास जास्त ग्लुकोजच्या तीव्र पिशव्या कमी लागतात. मला हाच उपाय सर्वांत मोलाचा वाटतो. आयकोडेक्स्ट्रिन या स्टार्चपासून बनवलेल्या पदार्थाच्या द्रावणात ग्लुकोज नसते, मात्र ते वापरताना काही ग्लुकोमीटर खऱ्यापेक्षा जास्त साखर दाखवतात, आणि त्या आकड्यावर इन्सुलिन घेणे जिवावर बेतू शकते.

हिमोडायलिसिसमध्ये, म्हणजे यंत्रातून रक्त फिरवून ते शुद्ध करण्याच्या प्रकारात, साखरेचा असा भार जवळजवळ नसतो. परंतु त्यासाठी सहसा आठवड्यातून तीनदा, सुमारे चार तास केंद्रात बसावे लागते, आणि देवास किंवा महूहून येणाऱ्या वृद्धाला तो प्रवासच थकवतो. पोटाचे डायलिसिस घरी होते; जंतुसंसर्ग टाळण्यासाठी स्वच्छतेची शिस्त मात्र कडक हवी. आधीपासून मधुमेह असलेल्यांनाही ते घेता येते, फक्त पिशवीची तीव्रता आणि इन्सुलिनची मात्रा नेफ्रॉलॉजिस्टकडून (मूत्रपिंडतज्ज्ञाकडून) आधीच ठरवून घ्यावी.