पसारा कमी करायचाय: कोनमारी की तीस दिवसांचा खेळ?

मैत्रीण या दोन पद्धतींत अडकली आहे: जपानी आवराआवर-तज्ज्ञ मारी कोंडो यांची कोनमारी, आणि रोज वाढत्या संख्येने वस्तू घराबाहेर काढायचा तीस दिवसांचा खेळ. तिच्यासाठी हे.

खर्च दोन्हींत शून्य. आधीच डबे-टोपल्या विकत आणू नकोस.

वेळेचं म्हणशील, तर खेळात पहिल्या दिवशी एक वस्तू काढायची, दुसऱ्या दिवशी दोन, तिसाव्या दिवशी तीस; एकूण ४६५. नोकरी सांभाळून पहिला पंधरवडा सहज निघतो, शेवटचा आठवडा दमवतो. कोनमारीला मात्र सलग सुट्टीचे दिवस हवेत. मारी कोंडो खोलीनुसार नव्हे, प्रकारानुसार आवरायला सांगतात: कपडे, पुस्तकं, कागद, किरकोळ सामान आणि शेवटी आठवणींच्या वस्तू.

टिकाऊपणात मला कोनमारीच उजवी वाटते. घरभरचे कुर्ते एका पलंगावर आले की किती सारखे घेतलेत ते दिसतं, आणि पुढच्या सेलमध्ये हात आपोआप थांबतो. खेळात संख्या भरायला जुनी बिलं, वाळलेली पेनं निघतात. माळ्यावरची भांडी तशीच राहतात.

भाड्याचं घर बदलणार असशील तर कोनमारी. घरात लहान मूल असेल किंवा सासूबाईंची संमती हळूहळू मिळवायची असेल, तर खेळ. मात्र फक्त स्वतःच्या वस्तूंपुरता.