पंच सीएनजी काही महिने वापरल्यावर: हीच का खपली ते आता कळूलंय

जीएसटी कमी झाल्यावर गेल्या दिवाळीला शोरूमबाहेर जी गर्दी झाली त्यातलाच मी एक. टाटा पंच सीएनजी घेतली, मॅन्युअल. हायवे, घाट, बाजारातली गर्दी सगळं बघून झालंय म्हणून आता लिहितोय.

मायलेजचं आधी सांगून टाकतो, सगळे तेच विचारतात. कागदावर किलोला २६.९९ किमी हाय. आमच्या बेळगावात खडेबाजारात नाहीतर तिलकवाडीच्या रेल्वे गेटला थांबत थांबत जाऊन कागदावरचा आकडा कुठल्याच गाडीचा येत नाही, निपाणीकडं हायवेला लागलं की बरं पडतंय.

पण मला डोक्यात होतं ते वेगळंच. घेताना पंच आणि ह्युंदाईची एक्स्टर दोन्हीचे ब्रोशर शेजारी ठेवून बघितले, आणि खरं सांगायचं तर कागदावर एक्स्टरच भारी वाटली. चार सिलिंडरचं इंजिन, बेसपासून सहा एअरबॅग, पेट्रोलला डिकी ३९१ लिटर. पंचला तीन सिलिंडर, आणि माझ्या मॉडेलला एअरबॅग दोनच. तरी २०२४ साली देशात सगळ्यात जास्त खपलेली गाडी पंच, २ लाखांच्या वर, आणि मारुती सोडून दुसऱ्या कंपनीची गाडी पहिली यायला चाळीस वर्षं लागली. मग हे झालं कसं?

एक तर पंच आली ऑक्टोबर २०२१ ला, एक्स्टर जुलै २०२३ ला. मधल्या काळात ग्लोबल एनकॅपचे (गाड्या आपटून किती सुरक्षित ते बघणारी संस्था) पाच स्टार गावोगावी पोचले होते, लग्नाच्या पंगतीत पण लोक स्टार मोजूलेत. एअरबॅग किती ते कोण विचारत नव्हतं, स्टार किती ते मात्र पाठ.

दुसरं, आणि माझ्यासाठी हेच मोठं, सीएनजीची डिकी. आधी सीएनजी म्हटलं की मागं एक भलीमोठी टाकी, बॅग ठेवायची तर सीटवर. पंचमध्ये ६० लिटरच्या एकाऐवजी ३०-३० लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाला आडव्या बसवल्यात, वर फळी, त्यावर २१० लिटरची जागा उरते. फळी उचलली की दोन्ही टाक्या शेजारी शेजारी दिसतात. जागा खोल नाही, तळ वर आलाय, त्यामुळं तांदळाचं पोतं जरा उंच उचलून टाकावं लागतंय, पण बसतंय, आणि मागं तिघं आरामात. स्टेपनी मात्र गाडीच्या पोटाखाली गेली, पावसात जांबोटीकडनं येऊन खाली वाकून बघा, चाक लाल चिखलानं माखलेलं असतंय. ऑगस्ट २०२३ ला ही सोय आली, एक्स्टरला तसल्याच दोन टाक्या जवळजवळ वर्षानं, जुलै २०२४ ला. ज्याला सीएनजी पण पाहिजे आणि डिकी पण, त्यानं वर्षभर थांबायचं कशाला?

आता आमच्याकडची भानगड म्हणजे टॅक्स. कर्नाटकात ५ ते १० लाखांच्या गाडीला १४ टक्के, १० लाखाच्या वर गेली की १७, सेस वेगळाच. कोल्हापूरचे पाव्हणे एमएच-०९ लावून कमी टॅक्स भरतात आणि आम्हाला वर हसतात, पण केए-२२ वाल्याला चालत नाही, राहायचं इथं तर भरायचं इथं. म्हणून १० लाखाच्या आत जे चांगलं मिळतंय त्यावर लोक तुटून पडतात. त्यात ४ मीटरच्या आत आणि १२०० सीसीच्या आत बसली की जीएसटी १८ टक्के. माझी पंच ३८२७ मिमी, इंजिन ११९९ सीसी, दोन्हीत बसली.

पण नुसत्या किमतीवर सगळं ठरत असतं तर टायसर का मागं राहिली असती? टोयोटाची टायसर म्हणजे मारुतीचीच फ्रॉन्क्स, इंजिन तेच, तोंड थोडं वेगळं, तरी फ्रॉन्क्स कितीतरी जास्त खपते. त्यावर आमचा मामा म्हणाला, "विकताना कोण घेणार ते बघ की आधी." गावागावात मारुतीवर हात बसलेला फिटर हाय, पार्ट तालुक्यात मिळतंय, जुन्या बाजारात नाव घेतलं की गिऱ्हाईक उभं राहतंय. शोरूमची माणसं पण मोजायची. एका ठिकाणी (नाव नको) सीएनजीची टेस्ट ड्राइव्ह मागितली तर पेट्रोलची गाडी पुढं केली आणि "सेमच हाय सर" म्हणाले.

सेम कशी असेल? याच गाडीचं पेट्रोलवर ८८ पीएस, सीएनजीवर ७३.४, सगळ्याच सीएनजी गाड्यांची ताकद अशी कमी होते. गावात फरक कळत नाही. चार माणसं, एसी, चोर्ला घाट असं सगळं जुळून आलं की मी सरळ बटण दाबून पेट्रोलवर घेतो. रोजचं बेळगाव-खानापूर असेल तर ही गाडी घ्या, दर शनिवारी गोवा असेल तर पेट्रोलवालीच बघा, आणि एक्स्टर पण एकदा चालवून घ्या. दर ३ वर्षांनी टाक्यांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबानं तपासणी) असते, जुनी सीएनजी कुणाची घेत असाल तर तो कागद आधी मागा.