माहिती अधिकार की सेवा हक्क?

कारभार सुधारेल ही आशा पुणेकराने कोणत्या कायद्यावर ठेवावी? रहिवासाचा दाखला अडला असेल, तर महाराष्ट्राचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा अधिक उपयोगी, कारण अधिसूचित, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या, सेवेला मुदत असते आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

२००५ चा माहिती अधिकार संथ आहे. ३० दिवसांची मुदत, मग अपिले, आणि माहिती आयोगापुढची प्रतीक्षा तर चीड आणणारी. तरीही १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावलेल्या साध्या अर्जावर, वारंवार उखडणाऱ्या रस्त्याची निविदा, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही) आणि ठेकेदाराची बिले मागता येतात, आणि दोषदायित्व कालावधीत, म्हणजे कामातील दोषांची जबाबदारी ठेकेदारावर असते त्या मुदतीत, दुरुस्ती कोणाच्या खर्चाने व्हायला हवी होती, हेही त्यातूनच कळते. म्हणून माझा कौल माहिती अधिकारालाच.