कूलरची फुटकी टाकी आणि हॉट स्टेपलर

लातुरात उन्हाळ्याची चाहूल लागली की माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. यंदा तो उतरवला तेव्हा त्याच्या टाकीला कोपऱ्यापासून वीतभर चीर गेलेली दिसली. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या तीन नळ्या तिच्यावर रिकाम्या केल्यानंतर मी गंजगोलाईतल्या एका दुकानातून १,४५० रुपयांना हॉट स्टेपलर आणला. दोन महिन्यांच्या वापरानंतर त्याविषयी हे लिहीत आहे.

गोंद का धरला नाही, हे टाकी उलटी केल्यावर कळले. तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा होता, म्हणजे टाकी पॉलिप्रॉपिलीनची. २ आकड्याच्या पॉलिथिलीनप्रमाणेच या प्लॅस्टिकच्या तुळतुळीत पृष्ठभागावर सहसा कोणताच घरगुती गोंद टिकत नाही. हॉट स्टेपलरला या गुणाशी काही देणेघेणे नसते. पिस्तुलाच्या आकाराच्या या यंत्राच्या टोकाला नागमोडी तारेची पिन बसवून बटण दाबले की ती काही सेकंदांत तापते. मग चिरेला आडवी धरून ती साधारण निम्म्या जाडीपर्यंत रुतवायची, बटण सोडून प्लॅस्टिक थंड होऊ द्यायचे आणि वर राहिलेले पाय कटरने छाटायचे. चीर पुढे सरकू नये म्हणून तिच्या टोकाशी आधी बारीक भोक पाडून घेणे मात्र आवश्यक आहे.

पिना टाकीला ताकद देतात, पाणी अडवत नाहीत, आणि विक्रेत्याने नेमके हेच सांगितले नव्हते. चिरेवर सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने खाच पाडून तिच्यात ५ आकड्याच्याच एका फुटक्या झाकणाची पट्टी वितळवून भरली, तेव्हा कुठे गळती थांबली. पट्टी त्याच जातीच्या प्लॅस्टिकची नसेल तर ती वरवर बसल्यासारखी दिसते आणि नखानेही सुटते. उघड्या राहिलेल्या दोन पिनांवर बोअरच्या पाण्याने महिन्याभरात गंज चढला, त्यामुळे खोक्यावरच्या ‘स्टेनलेस’ या शब्दावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही.

मोटारसायकलच्या एबीएस या टणक प्लॅस्टिकच्या साइड पॅनेलवर यंत्राने सर्वांत चांगले काम केले. रिमोटच्या पातळ झाकणात पिन आरपार गेली. पीव्हीसीच्या पाइपला हे यंत्र लावूच नये, कारण पीव्हीसी जास्त तापले की हायड्रोजन क्लोराइडचा घातक धूर निघतो. त्यासाठी पाइप जोडायचे सॉल्व्हंट सिमेंट स्वस्त आणि खात्रीचे आहे. इतर प्लॅस्टिकचे कामही दारे-खिडक्या उघडून करावे. यंत्राची वायर जेमतेम हातभर आहे.

खरा मुखभंग पाण्याच्या पिंपाने केला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहरात पिंप सहजासहजी कोणी टाकून देत नाही, म्हणून गच्चीवरच्या २०० लिटरच्या पिंपालाही मी नऊ पिना मारल्या. परंतु उन्हाने ठिसूळ झालेल्या प्लॅस्टिकमध्ये पिन धरते आणि तिच्या शेजारी नवी चीर निघते. त्यात भरल्या पिंपातल्या पाण्याचेच वजन २०० किलो. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा गळू लागले आणि सध्या त्यात ज्वारी भरून ठेवली आहे.