पऱ्हाटीचं काय करावं: विकावी, कुट्टी करावी की कोळसा?

उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की प्रश्न उरतो पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा. एकरी साधारण टनभर निघते. चुलीपुरती घरी येते, बाकीची धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पेटते. राखेत पालाश राहतो, पण नत्र आणि कर्ब धुरावाटे जातात. त्यामुळे जाळणं मी या तुलनेत धरलेलंच नाही.

पांढरा कोळसा, म्हणजे काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या, बनवणाऱ्या कारखान्याला विकली तर कष्ट कमी आणि चार पैसे हातात. पण पऱ्हाटी फुगीर. ट्रॉली डोंगराएवढी दिसते, काट्यावर वजन भरत नाही. व्यापारी शेतातच कुट्टी करून नेणार असेल तरच परवडतं. दरापेक्षा उचलायची तारीख आधी पक्की करा. मागच्या साली आमची गंजी पाडव्यापर्यंत धुऱ्यावर पडून होती, व्यापारी उद्या-परवा करत राहिला. एक वाळलेलं किडकं बोंड फोडलं, तर दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या आणि त्यांच्या पोटात गुलाबी बोंडअळी, जिवंत. पुढच्या कपाशीची कीड आम्हीच सांभाळून ठेवली होती.

श्रेडरने, म्हणजे काड्या बारीक तुकडणाऱ्या यंत्राने, कुट्टी केली की त्यातल्या बहुतेक अळ्या चिरडतात आणि कर्ब शेतातच राहतो. भाडं मात्र खिशातून जातं. खरी अडचण ओलाव्याची. कोरडवाहू रानात जानेवारीत केलेली कुट्टी जूनपर्यंत तशीच पडते. पावसाने कुजायला लागली की जिवाणू जमिनीतला नत्र ओढतात आणि कोवळं पीक पिवळं पडतं. विहिरीला पाणी असेल तर कुट्टी शेणासोबत खड्ड्यात कुजवा, मधूनमधून भिजवत राहा.

तिसरी वाट बायोचारची, म्हणजे कमी हवेत जाळून जमिनीत टाकायला केलेल्या कोळशाची. शंकूसारखा खड्डा खणायचा, जाळ वरून लावायचा. वरच्या काड्यांवर पांढरी राख धरू लागली की लगेच पुढचा थर टाकायचा. शेवटी पाण्याने पुरतं विझवायचं. उशीर झाला तर हाती राखच येते. पाच पोती पऱ्हाटीचं जेमतेम पोतंभर होतं, दिवस मोडतो आणि धगीने तोंड भाजून निघतं. पण हा कोळसा शेणखतात मुरवून टाकला की वर्षानुवर्षं जमिनीत टिकतो. हलक्या, मुरमाड रानाला तो जास्त मानवतो.

ओलिताची सोय असेल तर मी काडीही विकणार नाही. पाच एकर कोरडवाहू असेल तर चार एकरांची विकावी, पण जानेवारी संपायच्या आत उचलणाऱ्यालाच. उरलेल्या एकराचा कोळसा करावा, तोही घरचे दोन हात मोकळे असतील तरच. मजूर लावून तो परवडत नाही.